'खरं सांगा मॅडम, तुमचा विश्वास आहे ना?'

ओपीडीत पेशंटला बाहेर बाकावर बसवून नातेवाईक परत आत येतात, दार लोटून घेतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "मॅडम, तो असं काहीबाही बोलायला लागला की आम्ही काय म्हणायचं? हो म्हणायचं का नाही म्हणायचं?" आई विचारते, बायको विचारते, नुकतीच लग्न होऊन आलेली भावजयसुद्धा विचारते. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. गोळी किती वाजता द्यायची, पुढची तारीख कधी, हे सगळं केसपेपरवर लिहून देता येतं, पण रात्री साडेअकराला नवरा ताडकन उठून बसला आणि म्हणाला की गच्चीवर माणसं आलीत, तर त्या क्षणी आपल्या तोंडातून काय निघायला हवं हे कुठल्याच केसपेपरवर नसतं. आणि हा प्रश्न एकट्या घरच्यांचा नाही, आमच्यासारखे जे टेबलाच्या या बाजूला बसतात त्यांच्यापुढेही तो रोज असतो.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमबरोबर ग्रामीण रुग्णालयांच्या ओपीडी करते. खाली ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांचं गाव, काम, वय, नातं सगळं बदललंय, कुणी ओळखू येऊ नये म्हणून.

डिल्युजन, म्हणजे भ्रम, हा साधा गैरसमज नसतो. गैरसमज असेल तर पुरावा दाखवला की माणूस म्हणतो अरे हो की, माझंच चुकलं. कार्ल यास्पर्स या जर्मन डॉक्टरने १९१३ साली भ्रमाच्या ज्या खुणा लिहून ठेवल्या त्या अजून शिकवतात: माणसाला त्या गोष्टीची विलक्षण खात्री असते, अनुभवाने किंवा वादाने ती खात्री हलत नाही, आणि ती गोष्ट घडणं मुळात अशक्य असतं. तिसऱ्या खुणेवर पुढे बरेच वाद झाले, त्याकडे नंतर येते, पण दुसरी खूण ज्या घरात हा आजार आहे त्या घरातल्या प्रत्येकाने भोगलेली असते.

वर्कशॉपमधे काम करणारा एक पस्तिशीचा दादा आठवतो. शेजारच्यांनी वायफाय घेतलं आणि याच्या डोक्यात बसलं की त्या राउटरमधून आपले विचार वाचले जातायत, आपण मनात काही आणलं की पलीकडे हसण्याचा आवाज येतो. भाऊ शिकलेला, त्याने शेजाऱ्यांच्या हातापाया पडून याच्यासमोर राउटरची वायर काढून दाखवली. यावर दादाचं उत्तर, "मी बघतोय म्हटल्यावर बंदच ठेवणार ना." मग भावाने दुसरं टोक धरलं. म्हणाला हो रे, तुझं बरोबर आहे, मी पोलिसांना सांगतो, आणि त्याच्यासमोर कानाला फोन लावून खोटं खोटं बोलला. दोन दिवस घर शांत. तिसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "पोलिसांना सांगितलं होतंस ना, मग आले का नाहीत? म्हणजे तेही सामील आहेत." आधी एक शेजारी होता, आता पोलीस स्टेशनपण आलं त्यात, आणि भावाचं काय करायचं हे अजून ठरायचं होतं.

नाही म्हणा किंवा हो म्हणा, दोन्ही वाटा बंद. वाद घातला की आणखी एक गोष्ट होते जी घरच्यांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे माणूस सांगायचाच बंद होतो. घरच्यांना वाटतं सुधारला, हल्ली काही बोलत नाही. तो बोलत नाही कारण हे आपलं ऐकणार नाहीत हे त्याला कळून चुकलेलं असतं. भीती आत तशीच्या तशी, आणि आता ती सांगायला कुणीच उरलेलं नाही. मला अशा शांत झालेल्या पेशंटची जास्त काळजी वाटते.

युक्तीने भ्रम काढता येईल का हे डॉक्टर लोकांनी फार पूर्वीपासून करून पाहिलंय. फ्रेंच क्रांतीच्या काळात पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात फिलिप पिनेल या डॉक्टरकडे एक शिंपी होता. राजा सोळाव्या लुईला १७९३ मधे गिलोटिनवर चढवलं, त्याबद्दल हा कुठेतरी काहीतरी बोलून गेला होता, आणि मग त्याच्या मनाने घेतलं की आता माझीही मान जाणार. त्या दिवसांत पॅरिसमधे माणसं खरोखर एवढ्याशा बोलण्यावरून मरत होती, त्यामुळे भ्रमाचं बी कुठून आलं ते स्पष्ट आहे. पिनेलने आधी त्याला इतर रुग्णांचे कपडे शिवायचं काम दिलं आणि हातात सुई आल्यावर तो बराच सावरला. पुढे परत बिघडला तेव्हा पिनेलने एक नाटकच बसवलं. तीन डॉक्टरांना न्यायाधीशांचा वेष देऊन त्याच्यासमोर बसवलं, रीतसर चौकशी झाली आणि तू निर्दोष आहेस असा निकाल दिला. शिंप्याला त्याने आराम पडला. पण तो टिकला नाही, आणि ते सगळं सोंग होतं हे त्याला कुणीतरी सांगितल्यावर तर तो पुन्हा सावरलाच नाही. मला या गोष्टीत खोट्या कोर्टापेक्षा शिवणकाम महत्त्वाचं वाटतं. पिनेलने त्याच्या भीतीला हात न लावता त्याच्यातल्या शिंप्याला काम दिलं, आणि जेवढा खरा फरक पडला तो तिथे पडला.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला. मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटीच्या सरकारी मनोरुग्णालयात १९५९ मधे मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञाने, आपण येशू ख्रिस्त आहोत असं मानणारे तीन रुग्ण एकत्र आणले. एकाच वॉर्डात राहायचं, एकाच टेबलावर जेवायचं, रोज एकमेकांशी बोलायचं. कल्पना अशी की ख्रिस्त एकच असू शकतो, तर समोर आणखी दोन बघून कुणाची तरी खात्री डळमळेल. झालं काय, तर एकजण म्हणाला हे दोघे मेलेले आहेत, यांच्या आतली यंत्रं बोलतात. दुसरा म्हणाला हे दोघे वेडे आहेत, बघा ना, वेड्यांच्या हॉस्पिटलात आहेत. दोनेक वर्षं हे चाललं. मधे रोकीचने एकाला त्याच्या भ्रमातल्या बायकोच्या नावाने खोटी पत्रं पाठवली, दुसऱ्याला हॉस्पिटलच्या प्रमुखाच्या नावाने, बघू त्याने काही बदलतं का म्हणून. तिघांपैकी कुणीही आपला दावा सोडला नाही. पुढे वीसेक वर्षांनी रोकीचने स्वतःच लिहिलं की विज्ञानाच्या नावाखालीसुद्धा या माणसांच्या आयुष्यात देव होऊन लुडबुड करायचा मला काही अधिकार नव्हता. त्या पत्रांचा विचार केला की माझ्या पोटात तुटतं. मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं पडून असलेल्या एकट्या माणसाला बायकोचं पत्र येतं, आणि ते पाठवणारा रोज त्याच्यासमोर वही घेऊन बसलेला असतो.

मग आम्ही करतो काय? पहिल्या भेटीत खरं तर फार थोडं. ऐकतो. नुसतं ऐकणं हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, कारण घरचे मधे मधे बोलतात ("अहो मॅडम, असं काही नाहीये"), त्यांना आधी थांबवावं लागतं, आणि आपल्या चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नसते कारण हा माणूस गेले कित्येक महिने फक्त चेहरे वाचतोय. मी विचारते, हे कधीपासून सुरू झालं, सुरू झालं तेव्हा घरात काय चाललं होतं, दिवसात कुठल्या वेळी जास्त वाटतं, झोप लागते का, जेवण जातं का, तुम्ही यावर काय काय उपाय करून पाहिलेत. हा शेवटचा प्रश्न विचारला की बरेचजण एकदम वर बघतात, कारण तोवर हे सगळं आहे की नाही यावरच लोक बोललेले असतात, तुम्ही हे कसं निभावताय हे कुणी विचारलेलं नसतं. राउटरवाल्या दादाने सांगितलं की तो दिवसभर मनात पाढे म्हणतो. एकोणतीसचा पाढा, उलटा, म्हणजे दुसऱ्याला वाचायला विचारच सापडू नये. कामावर सुपरवायझर ओरडतो कारण लक्ष नसतं. कसं असणार?

आणि मग तो क्षण येतोच, पहिल्या नाहीतर दुसऱ्या भेटीत. "खरं सांगा मॅडम, तुमचा माझ्यावर विश्वास आहे ना?"

इथे मी खोटं बोलत नाही. ठरवून बोलत नाही. साधारण असं म्हणते, "तुम्ही मनापासून सांगताय, मुद्दाम रचून सांगत नाही आहात, हे मला पक्कं माहितीय. तुम्ही महिनोन्महिने घाबरून राहिलाय हेही दिसतंय. राउटरमधून विचार वाचले जातात असं मला वाटत नाही. पण तुमच्या जागी मला तसं वाटत असतं तर माझीही झोप उडाली असती. आपण दोघं मिळून हे समजून घेऊ." कधी माणूस उठून जातो. कधी रागावतो. पण बऱ्याचदा, अगदी बऱ्याचदा, तो बसून राहतो. त्याच्या आजूबाजूला सगळेच एकतर त्याला खोटं पाडतायत किंवा त्याच्याशी खोटं बोलतायत, अशात एखादा माणूस न चिडता, न हसता म्हणतो की मला वेगळं वाटतं, आणि तरी पुढच्या मंगळवारची तारीख देतो, हे त्याला नवीन असतं.

झेवियर अमॅडोर म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या सख्ख्या भावाला स्किझोफ्रेनिया होता. भावाशी तू आजारी आहेस, गोळ्या घे म्हणून वर्षानुवर्षं भांडून झाल्यावर ते ज्या पद्धतीकडे आले तिचा गाभा हाच: ऐका, भावना समजून घ्या, जिथे एकमत होतं तेवढ्यावर या, आणि तेवढ्यावर सोबत काम करा. आजार मान्य करायचा आग्रह नाही. झोप हवी यावर एकमत होऊ शकतं, नोकरी टिकली पाहिजे यावर होऊ शकतं. दादाच्या बाबतीत आमचं एकमत सुपरवायझरच्या ओरडण्यावर झालं आणि उपचार तिथून सुरू झाले.

भ्रमाशी बोलून काही होतं हे मानायलाच मनोविकारशास्त्राने बराच वेळ घेतला. १९५२ मधे पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमॅझिन हे औषध अशा आजारावर वापरलं आणि औषधांचं युग सुरू झालं, त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत अ‍ॅरन बेक या तरुण मनोविकारतज्ज्ञाने एका माजी सैनिकाची केस छापली. एफबीआयचे लोक आपल्यावर पाळत ठेवून आहेत असं या माणसाला वाटायचं. बेकने त्याच्याशी वाद घातला नाही, दोघांनी मिळून एकेक संशयित माणूस घेतला, तो काय करतो, कसा वागतो, आपल्याला तो हेर का वाटला, हे तपासत गेले. पुढे १९९० च्या दशकात इंग्लंडमधे किंग्डन आणि टर्किंग्टन या मनोविकारतज्ज्ञांनी हे काम पुष्कळ वाढवलं. तिथल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत आता सायकोसिसच्या (भ्रम, भास होणाऱ्या आजारांच्या) पेशंटला किमान १६ सेशन अशी बोलून द्यायची थेरपी द्यावी असं लिहिलंय. नंतरच्या कसोशीने केलेल्या अभ्यासांत तिचा फायदा सुरुवातीला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला हेही सांगायला हवं, जादू नाही ती. ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीमन तर थेट भ्रमाला हातच घालत नाहीत, आधी झोप सुधारतात, काळजीचं चक्र सुधारतात, आत्मविश्वास वाढवतात, मग पेशंटला हळूहळू ज्या ठिकाणाची भीती वाटते तिथे नेऊन सुरक्षित वाटायचा अनुभव देतात. २०२१ मधे त्यांनी १३० पेशंटवरचा अभ्यास छापला, औषधांनी न हटलेले छळाचे भ्रम असलेली ही माणसं, आणि ही पद्धत ज्यांना मिळाली त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांचा भ्रम उतरला. आपल्याकडे एका ओपीडीत साठ केसपेपर असतात, सोळा सेशन कुठून आणायची. पण झोप आधी, हे तर आपण उद्यापासून करू शकतो. आणि सातारा, गोवा आणि तमिळनाडू इथे स्किझोफ्रेनियाच्या २८२ पेशंटबरोबर जो अभ्यास झाला (२०१४ मधे छापून आला) त्यात गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन बोलणं, औषधाची आठवण, कामाला लावणं एवढं केलं तरी नुसत्या दवाखान्याच्या उपचारांपेक्षा जास्त फरक पडला. थोडा पडला, पण पडला.

आता करणीबद्दल. आमच्या भागात निम्म्या केसमधे करणी, भानामती, कुणीतरी खायला घातलंय, हे येतंच. बाहेरून शिकून आलेल्या डॉक्टरला हा सगळाच भ्रम वाटेल. पण निदानाच्या पुस्तकातच लिहिलंय की माणसाच्या समाजात जे सगळे मानतात त्याला डिल्युजन म्हणायचं नाही. मग ओळखायचं कसं? मी त्याच घरातल्या, करणी मानणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला विचारते. तीच आजी जी स्वतः दर अमावास्येला लिंबू उतरवते, ती म्हणते, "करणी असती ओ बाई, पर ह्यो जे बोलतोय ते निराळंच हाय." या आजीचं निदान माझ्या प्रश्नावलीपेक्षा सहसा अचूक निघतं. गंडा बांधलाय तर बांधा, अंगारा लावायचाय लावा, गोळीही घ्या, इथवर माझी काहीच हरकत नसते. गुजरातमधे उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात तर दवा आणि दुवा दोन्ही एकाच आवारात मिळायची सोय केली गेली आणि ती चालली. पण देवऋषी जेव्हा बोट दाखवून सांगतो की हे अमुक बाईने केलंय, तेव्हा मी गप्प बसत नाही. एका माणसाचा भ्रम मग सगळ्या घराचा होतो आणि गावातली एखादी एकटी विधवा मार खाते. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा नेमका अशा वेळी लागू होतो, आणि मी तो घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगते.

उलट बाजूही आहे, आणि यास्पर्सच्या तिसऱ्या खुणेचा वाद इथे येतो. घडू शकणाऱ्या, अगदी रोज घडणाऱ्या गोष्टींचेही भ्रम होतात: बायकोचं बाहेर काही आहे, भाऊ जमीन खातोय. आणि कधी कधी ते खरंच असतं. अमेरिकेत मार्था मिचेलचं उदाहरण देतात, राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या माजी अ‍ॅटर्नी जनरलची (सरकारच्या सर्वात वरच्या कायदा अधिकाऱ्याची) बायको. १९७२ मधे विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घुसखोरीचं वॉटरगेट प्रकरण फुटलं तेव्हा ती सांगत होती की मला हॉटेलात कोंडून ठेवलं, हातातला फोन तोडला, जबरदस्तीने इंजेक्शन दिलं. लोकांनी वेडी ठरवलं. ती खरं बोलत होती. आमच्याकडे एक काका आणले होते, साठीपुढचे, भाऊबंदांनी कट करून माझं नाव उडवलं म्हणायचे आणि त्याच दमात म्हणायचे की टीव्हीवर बातम्या देणारी बाई मला त्याबद्दल इशारे देते. टीव्हीमुळे सगळ्यांनी जमिनीचंही भ्रमातच धरलं. आमच्या सोशल वर्करने सातबारा काढला, मागचे फेरफार बघितले, आणि काकांचं नाव खरंच कमी झालेलं होतं. आजार होता आणि अन्यायही झाला होता, दोन्ही एकाच वेळी. गोळ्या सुरू झाल्या आणि तहसील कचेरीत अर्जही गेला. तेव्हापासून जमिनीची तक्रार आली की उतारा मागवल्याशिवाय टीममधे कुणी केसपेपरवर 'भ्रम' लिहीत नाही.

संशयाच्या बाबतीत तर मी खरं-खोटं ठरवत बसतच नाही. नवरा बायकोवर संशय घेतोय, रात्री उशाशी कोयता घेऊन झोपतो म्हटल्यावर ती आणि मुलं आज रात्री कुठे झोपणार हा पहिला प्रश्न. बाकीचं उद्या.

ज्या विषयावर मला सगळ्यात जास्त लिहायचं होतं तो म्हणजे चोरून दिलेलं औषध. "मॅडम, तो गोळी घेत नाही, थेंब द्या, वरणात घालते." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. बिनवासाचे, बिनचवीचे थेंब मिळतात, चहात घातले तर कळत नाहीत. आणि मी त्या आईला दोष देत नाही, जिने मुलाच्या हातचा मार खाल्लाय, जिला गाडीभाडं नाही, जवळच्या शहरात बेड नाही, तिच्या हातात एवढी एकच बाटली आहे. पण पुढचं ऐका.

एक तरुण मुलगा होता, त्याला वाटायचं घरचे अन्नात विष घालतात. आठ-नऊ किलो उतरला होता. फक्त न सोललेली केळी आणि सालासकट उकडलेली अंडी खायचा, कारण त्यात काही घालता येत नाही. घरच्यांनी दुसरीकडून थेंब आणले आणि तो जो थोडा चहा घ्यायचा त्यात घालायला लागले. चौथ्या दिवशी त्याची मान एका बाजूला वळली आणि तशीच अडकली, जीभ जड झाली, डोळे वर गेले. या औषधांनी काहींना असं होतं, एका इंजेक्शनने थोड्या वेळात उतरतं. पण त्याला हे औषध चाललंय हेच माहीत नव्हतं. त्याच्या दृष्टीने विष चढलं होतं. आणि मग तांदळाच्या डब्यामागे त्याला ती बाटली सापडली.

तो माझ्यासमोर बाटली टेबलावर ठेवून एवढंच म्हणाला, "मी म्हणत होतो ते खरंच होतं ना?"

होतं. घरचे सगळे मिळून त्याच्या नकळत त्याच्या खाण्यात काहीतरी घालत होते, ते घेऊन त्याचं शरीर वाकडं झालं होतं. यातला एक शब्द मला खोडता येत नव्हता. म्हणून मी म्हटलं, "हो. ते औषध होतं, विष नव्हतं, तुला बरं वाटावं म्हणून घातलं, पण तुला न सांगता घातलं हे खरं आहे आणि तसं करायला नको होतं." आई शेजारी रडत होती. तिलाही मी त्याच्यासमोरच सांगितलं की इथून पुढे जेवणात काही जाणार नाही, मिठाशिवाय. मग सायकिअ‍ॅट्रिस्टनी त्याला वेगळ्या गोळीचं नाव सांगितलं, ती झोपेसाठी, भीतीसाठी आणि संशयासाठीही आहे हे सांगितलं (फक्त झोपेची आहे म्हणणं हेही खोटंच झालं असतं), त्याने काय त्रास होऊ शकतो, झाला तर कुणाला फोन करायचा हे सांगितलं. सीलबंद स्ट्रिप त्याच्या हातात. फोडायची त्यानेच. पहिले दहाबारा दिवस त्याने घेतली नाही. नंतर घेतली. का घेतली हे मी विचारलं तेव्हा म्हणाला, "तुम्ही हो म्हणालात ना, म्हणून."

आणि जेव्हा खरंच जिवावर बेतलेलं असतं, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी वेळ येते, तेव्हा उघड मार्ग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ८९ खाली त्याच्या संमतीशिवाय ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं, त्याला तपासणी आहे, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागायची सोय आहे. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. जबरदस्ती तीही आहेच, पण ती तोंडावर केलेली आहे, तिच्यावर कागद आहे, आणि माणसाला तिच्याविरुद्ध बोलता येतं. कुणाला विचारावं कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, आज्यांचं मात्र मी वेगळं धरते. अल्झायमरच्या पहिल्या पेशंटला, आउगुस्ट डेटर नावाच्या बाईला, १९०१ मधे फ्रँकफुर्टला दाखल केलं तेव्हा सुरुवात नवऱ्यावरच्या संशयानेच झाली होती. कामवालीने बांगड्या नेल्या म्हणणाऱ्या आजीबरोबर कपाट शोधायला बसावं, बांगड्यांवरून लग्नाच्या गोष्टी काढाव्यात. गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या आजीला ते गेले हे दर संध्याकाळी नव्याने सांगू नये, प्रत्येक वेळी ते दुःख तिला ताजंच होतं. "आजोबा कसे होते गं?" एवढं विचारलं तरी ती बोलत राहते, खोटंही बोलावं लागत नाही.

औषधाने भ्रम जातो तेव्हा तो कसा जातो हे घरच्यांना सांगून ठेवायला हवं, नाहीतर ते रोज विचारत राहतात, "आता कळलं का तुला ते खोटं होतं?" शितिज कपूर या मनोविकारतज्ज्ञांनी २००३ मधे याची एक मांडणी केली जी मला रोजच्या कामात फार उपयोगी पडते. मेंदूतलं डोपामिन हे रसायन 'हे महत्त्वाचं आहे, इकडे बघ' असा शिक्का मारतं. आजारात हा शिक्का कशावरही पडायला लागतो, गाडीचा नंबर, शेजाऱ्याचं खोकणं, राउटरचा लुकलुकणारा दिवा. सगळंच आपल्यासाठी आहे असं वाटतं आणि मग माणूस त्याचा अर्थ लावायला बसतो, तो अर्थ म्हणजे भ्रम. औषध तो अर्थ पुसत नाही, शिक्का फिका करतं. म्हणून दादा दोन महिन्यांनी म्हणाला, "असेलही वाचत, पण आता त्याचं एवढं काही वाटत नाही." पाढे म्हणणं थांबलं होतं. भाऊ नाराज झाला, म्हणाला अजून असेलही म्हणतोय. मी त्याला म्हटलं, ही फार मोठी सुधारणा आहे, उकरून काढू नका.

विषाची भीती असलेला तो मुलगा आता बरा आहे, एका दुकानात हिशोबाचं काम बघतो. मधे काही महिने फार उदास होता. बरं झाल्यावर असं अनेकांना होतं, आपण काय बोललो, आईवर काय आळ घेतला हे सगळं एकदम आठवतं, त्या वेळी भेटी कमी न करता वाढवायच्या असतात. २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्यात कलम ५ खाली, आपण पुन्हा आजारी पडलो तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवता येतं. अगदी इमर्जन्सीत ते लागू होत नाही, पण एरवी डॉक्टरांना ते पाळावं लागतं, बदलायचं तर मंडळाकडे जावं लागतं. मी त्याला हे सांगितल्यावर त्याने घरी बसून स्वतःच्या अक्षरात कच्चं लिहून आणलं. मान वाकडी झाली ते औषध नको. दाखल करायचं झालं तर आधी मोठ्या बहिणीला कळवा, माझ्या वतीने तिने बोलायचं. जेवणात काही मिसळू नका, मी नाही म्हणालो तरी गोळी हातात द्या, दुसऱ्या दिवशी परत विचारा. खाली आईची सही घेऊन आला होता. कायद्याला ती सही लागत नाही हे मी त्याला सांगितलं, तर म्हणाला राहू दे.